सेमीहोस्टिंगच्या चाचण्यांतून नोकरी मिळेल का?

स. न. वि. वि.

आपली कन्या नागपुरातच इलेक्ट्रॉनिक्स अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असून, क्यूएमू या एम्युलेटरमधील (एका संगणकावर दुसऱ्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममधील) सेमीहोस्टिंग कॉल तपासण्यात तिचा बराच वेळ जातो. तो वाया जातो आहे का, आणि तिला सीताबर्डीवरच्या एखाद्या वेब डेव्हलपमेंटच्या क्लासला घालावे का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते हे काम थांबवू नये. मात्र आज ते मुलाखतीत दाखवण्याजोगे झालेले नाही.

ज्या बोर्डाला पडदा किंवा फाइल नाही, त्यावरचा प्रोग्रॅम एक ठरावीक सूचना देऊन ही कामे यजमान संगणकाकडून, म्हणजे ज्याला तो बोर्ड जोडलेला आहे किंवा ज्यावर एम्युलेटर चालतो त्याच्याकडून, करून घेतो, यालाच सेमीहोस्टिंग म्हणतात. आपण सोबत पाठवलेल्या तिच्या टिपणात पडद्यावर मजकूर उमटला की ‘पास’ असा शेरा आहे, आणि उणीव नेमकी तिथेच आहे. आर्म या चिप-रचना करणाऱ्या कंपनीच्या नियमानुसार फाइलमध्ये लिहिण्याच्या कॉलचे उत्तर म्हणजे लिहायचे राहून गेलेल्या बाइटांची संख्या, त्यामुळे सगळे सुरळीत झाले तर शून्य येते; युनिक्सचा राइट कॉल लिहून झालेल्या बाइटांची संख्या देतो, त्याची सवय असलेला विद्यार्थी इथे हमखास उलटा आकडा धरून बसतो. तिने फाइल लिहून, बंद करून, पुन्हा उघडून मजकूर ताडून पाहावा, अस्तित्वात नसलेली फाइल वाचण्यासाठी मागितल्यावर उणे एक येते का तेही पाहावे, आणि निकाल प्रोग्रॅमनेच एक्झिट कोडमधून, म्हणजे संपताना तो परत देतो त्या आकड्यातून, कळवावा. ३२-बिट आर्मवरचा साधा एक्झिट कॉल हा कोड पोहोचवत नाही, त्यासाठी विस्तारित कॉल लागतो, हे तिने स्वतः शोधून काढले असेल तर मला ते एखाद्या प्रमाणपत्राहून मोलाचे वाटेल.

अशा सवयीची माणसे फर्मवेअर (उपकरणाच्या आतच बसवलेले सॉफ्टवेअर) आणि चिप-पडताळणीच्या कामात लागतात. या जागा नागपुरात थोड्या आणि पुण्या-बंगळुरूत अधिक आहेत, याची तयारी घरी आधीच असावी. कॅम्पस मुलाखतींसाठी डेटा स्ट्रक्चर्स आणि अ‍ॅप्टिट्यूड यांना पर्याय नाही, त्यामुळे क्लासचे पैसे वाचवून तो वेळ तिकडे द्यावा.

एक गोष्ट मात्र आजच बदलावी. ती आपला ऑफिसचा लॅपटॉप वापरते असे आपण लिहिले आहे. सेमीहोस्टिंग चालू असताना एम्युलेटरमधला प्रोग्रॅम यजमान संगणकावरच्या फाइली उघडू आणि पुसू शकतो, तेव्हा तिला जुना का होईना, वेगळा संगणक द्यावा.