सशाला आंघोळ नको, गवत द्या

प्रश्न : डॉक्टर ताई, नमस्कार. आम्ही मानेवाड्याला राहतो. माझ्या सातवीतल्या मुलीने पांढरा ससा पाळला आहे. नाव कापूस, वय दीड वर्ष. घरात वास येतो म्हणून दर रविवारी त्याला लहान बाळाच्या शाम्पूने आंघोळ घालतो. तरी महिनाभरापासून त्याचे केस पुंजक्यांनी गळताहेत, मानेमागे कोंडा दिसतो आणि मागचा भाग सारखा बरबटतो. खायला गाजर, कोथिंबीर, पोळी आणि दुकानातलं गोळीखाद्य वाटीभर देतो. कुत्र्यांच्या गोचिडांसाठी मानेवर टाकायचं औषध मिळतं, ते याला टाकलं तर चालेल का? मुलीच्याही मनगटावर पुरळ आलंय, पण ते घामोळं असावं.
— एक आई, नागपूर

उत्तर : ताई, औषधाचं आधी सांगते. ते अजिबात टाकू नका. कुत्र्यांसाठीच्या अशा बऱ्याच औषधांत फिप्रोनिल असतं. कुत्र्याला ते चालतं, पण सशाला त्याने झटके येतात, जीवही जातो. आणून ठेवलं असेल तर कपाटात वर ठेवा, मुलीच्या हाताला लागू देऊ नका.

दुसरं, येत्या रविवारची आंघोळ रद्द करा. त्यानंतरच्याही. ससा दिवसातला बराच वेळ स्वतःला चाटून साफ करण्यात घालवतो. पुढचे पंजे चाटून तोंड पुसतो, कान खाली ओढून चाटतो. निरोगी सशाच्या अंगाला वास येत नाही. आंघोळीने त्याची कातडी कोरडी पडते, भीतीने काळीज धडधडतं, धडपडीत पाठीचा कणा मोडल्याच्याही घटना होतात. आणि त्याचे केस इतके दाट असतात की ते लवकर वाळतच नाहीत.

दवाखाना सुरू केला त्या पहिल्याच जानेवारीत एक मुलगा टॉवेलमध्ये गुंडाळलेला ससा घेऊन आला होता. सकाळी नऊला न्हाऊ घातलेला, माझ्याकडे आला तेव्हा चार वाजले होते. हात फिरवला तर कोरडा लागला. मग मी पाठीवर फुंकर मारून केस बाजूला केले, तर मुळाशी कातडी अजून ओलीच होती. सशाचं अंग साधारण साडेअडतीस ते चाळीस अंश सेल्सिअस असायला हवं, याचं सदतीसच्याही खाली गेलेलं. कान बर्फासारखे गार. गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून त्याच्याभोवती लावल्या, सलाईन दिलं. दोन दिवस त्याने गवताची काडीही तोंडात घेतली नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे पहिली लेंडी पडली, मोहरीएवढी. तो मुलगा ती तळहातावर घेऊन मला दाखवत होता. सशाचं पोट चालू झालं की तो वाचतो, थांबलं की जातो. तेव्हापासून आंघोळीच्या बाबतीत मी कुणाचीच भीड ठेवत नाही.

आता तुम्ही जाता जाता लिहिलेलं ते पुरळ. मला सगळ्यात महत्त्वाचं तेच वाटलं. मानेमागे कोंडा, केसांचे पुंजके, आणि सशाला कुशीत घेणाऱ्या मुलीच्या मनगटावर लाल पुरळ, हे तिन्ही एकत्र आलं की मी आधी केसातल्या बारीक किड्यांचा संशय घेते. हे किडे माणसाच्या अंगावर फार दिवस टिकत नाहीत, पण चावतात आणि खाज सुटते. घरीच एक करून बघा. काळा जाड कागद घ्या, कापूसला त्यावर बसवा, बारीक फणी मानेपासून पाठीकडे हलकेच फिरवा. पडलेला कोंडा उजेडात धरून मिनिटभर नुसता बघत राहा. त्यातले काही कण सरकताना दिसले तर समजा किडे आहेत. इंग्रजीतही याला ‘चालता कोंडा’ याच अर्थाचं नाव आहे. काही सरकलं नाही तरी किडे नाहीतच असं धरू नका, कागद घडी करून प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला आणि डॉक्टरांकडे न्या. सूक्ष्मदर्शकाखाली लगेच कळतं. जवळपास सशांचा अनुभव असलेलं कुणी नसेल तर सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहे. औषध सशाच्या वजनावर ठरतं आणि ते पुन्हा द्यावं लागतं, कारण पहिल्या वेळी अंडी मरत नाहीत. मुलीला त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. नाण्याएवढे गोल चट्टे दिसले तर तो नायटाही असू शकतो, तोही सशाकडून माणसाला होतो. घरी ससा आहे हे त्यांना आवर्जून सांगा.

किड्यांशिवाय नुसती केसगळतीही असते. माझ्याकडे येणारे ससे होळीच्या सुमाराला आणि परत दसरा-दिवाळीकडे केस टाकतात. तेव्हा पुंजका निघाला तरी त्याखाली नवे केस दिसतात, कातडी लाल नसते, खाजवणं नसतं. हे गळणारे केस मात्र तुम्ही काढायला हवेत. सशाला उलटी करता येत नाही. चाटताना गेलेले केस पोटातूनच पुढे सरकायला लागतात, आणि आहारात गवत कमी असेल तर ते तिथेच अडकून बसतात. एरवी आठवड्यातून एकदा, गळतीच्या दिवसांत रोज, मऊ ब्रश किंवा ओलसर हात केसांच्या दिशेने फिरवा. ओढू नका, सशाची कातडी फार नाजूक असते. गुठळी झाली असेल तर बोटांनी हळूहळू मोकळी करा. कात्री लावू नका, गुठळीबरोबर कातडीही वर उचलली जाते आणि कापली जाते.

मागचा भाग बरबटतो याचं कारण मला तुमच्या वाटीत दिसतं. ससा दोन प्रकारच्या लेंड्या टाकतो. कोरड्या गोल, आणि द्राक्षाच्या बारीक घोसासारख्या मऊ. या मऊ तो थेट मागूनच तोंडात घेऊन खातो, त्याला त्यातून जीवनसत्त्वं मिळतात. पोळी, गाजर आणि गोळीखाद्य जास्त झालं की त्या पातळ होतात, किंवा पोट सुटलेल्या सशाचं तोंड तिथवर पोचत नाही, आणि त्या केसांना चिकटतात. पोळी आजपासून बंद. गोळीखाद्य दोन आठवड्यांत हळूहळू कमी करत दिवसाला दोन मोठ्या चमच्यांवर आणा. गाजर अगदी अधूनमधून, नखाएवढं. आणि दिवसभर त्याच्यासमोर गवत हवं, रोज त्याच्या अंगाएवढा ढीग. गवळ्याच्या गोठ्यात विचारा, ताजी हरळी मिळते. फवारणी नसलेली आणि कुत्री फिरत नाहीत अशा जागची घ्या, धुऊन सावलीत वाळवा. दुकानातलं टिमोथी गवतही चांगलं, महाग पडतं एवढंच. धानाच्या तणशीवर भागवू नका, ती खाली अंथरायला ठीक.

बरबटलेला भाग कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसा आणि पूर्ण कोरडा करा. थोडंच असेल तर कॉर्नफ्लॉवर चोळून, वाळलं की फणीने काढा, त्याच्या नाकात जाऊ देऊ नका. हे रोज बघा, आणि पाऊस लागला की दिवसातून दोनदा. ओल्या घाणीवर माशी अंडी घालते आणि काही तासांत अळ्या होऊन कातडीत शिरतात. अळी दिसली तर त्याच घटकेला दवाखाना गाठा, रात्र असली तरी.

घरातला वास बहुधा लघवीचा आहे. ट्रेमध्ये वर्तमानपत्र, त्यावर गवत. ससा गवत खाता खाताच तिथे विधी उरकतो. रोज बदला, ट्रे पांढऱ्या व्हिनेगरने धुवा, फिनाईल नको. कापूस नर असेल आणि भिंतीवर पिचकारी मारत असेल तर नसबंदीबद्दल डॉक्टरांशी बोला.

एक शेवटचं, नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापणारे नऊ दिवस, सुरू आहे म्हणून. गारव्यासाठीसुद्धा आंघोळ नको. ससा अंगातली उष्णता कानांवाटे बाहेर टाकतो. कानांना बाहेरून ओला हात लावा, बसायला फरशी द्या, बर्फाची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा. कूलरचा झोत थेट अंगावर नको आणि खिडकी थोडी उघडी राहू द्या. तोंड उघडून श्वास घ्यायला लागला, कान तापले, मान टाकली, तर काळ्या कागदाचं सगळं नंतर, आधी त्याला घेऊन निघा.