दुसऱ्यांच्या मुलांसाठी माझा कर का?

प्रश्न : आम्हाला मूल नाही. नोकरदार आईबापांच्या पाळणाघराचा खर्च सरकारने उचलावा, असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. मुलं त्यांची, दोन पगार त्यांचे आणि पैसे मात्र माझ्या करातून? तुम्ही पाळणाघर चालवलंत, म्हणून तुम्हालाच विचारतो.

उत्तर : आधी पाळणाघराचा हिशेब बघा. सचोटीनं मांडला तर तो कधीच जुळत नाही. रांगती बाळं एका मावशीला तीन, फार तर चार सांभाळता येतात. पाचवं आलं की एकाचं नाक पुसेपर्यंत दुसऱ्यानं काहीतरी तोंडात घातलेलं असतं. म्हणजे मावशींचा अख्खा पगार आणि वर जागेचं भाडं तीन-चार घरांनी काढायचं. कारखान्यात यंत्र आणलं की तेवढीच माणसं दुप्पट माल काढतात. इथे कुठलं यंत्र आणणार? मग फी परवडावी म्हणून मुलं कोंबायची, नाहीतर मावशींना तुटपुंज्या पैशांत राबवायचं. बरेचदा दोन्ही होतं. जिथे तेही जमत नाही, तिथे आई नोकरी सोडते आणि तिच्याकडून येणारा करही थांबतो. खर्च आजही होतोच आहे, फक्त तो कुणाच्या वहीत दिसत नाही.

‘हीच मुलं उद्या तुमच्या म्हातारपणी उपयोगी पडतील’ असं मी तुम्हाला सांगणार नाही. मुलांकडे गुंतवणूक म्हणून बघणं मला रुचत नाही.

सरकारांना हे जमत नाही, असंही नाही. दुसऱ्या महायुद्धात कारखान्यांना बायका हव्या होत्या, तेव्हा अमेरिकेच्या सरकारनं पाळणाघरांना पैसे दिले. युद्ध संपलं आणि 1946 मध्ये ते पैसे बंद झाले. पुढे 1971 मध्ये तिथल्या संसदेनं देशभराच्या बालसंगोपनाचा कायदा मंजूर केला, तो अध्यक्ष निक्सन यांनी नकाराधिकार वापरून अडवला.

तुमच्या बाजूनं सगळ्यात वजनदार उदाहरण कॅनडातल्या क्वेबेकचं आहे, म्हणून तेही मीच सांगते. तिथे 1997 पासून दिवसाला पाच डॉलरमध्ये पाळणाघर मिळू लागलं. नोकरी करणाऱ्या आयांचं प्रमाण चांगलंच वाढलं. पण जागा अपुऱ्या पडल्या, प्रतीक्षायादी लांबली आणि काही अर्थतज्ज्ञांना त्या मुलांमध्ये आक्रमकपणा आणि चिंता वाढल्याचं आढळलं. विरोधक इथेच थांबतात. मी एक पाऊल पुढे जाते : तिथली ना-नफा केंद्रं दर्जात खासगी, नफ्यावर चालणाऱ्या केंद्रांपेक्षा सरस ठरली. फी झटक्यात उतरवता येते, पण शिकलेली मावशी झटक्यात तयार होत नाही. त्यामुळे सरकारनं पैसे द्यावेत, हे माझं ठाम मत आहे. मात्र ते मावशींच्या पगारात आणि प्रशिक्षणात जावेत, आणि एका मावशीमागे किती मुलं हे अचानक येऊन तपासलं जावं. नुसती फी उतरवून टाळ्या घेणाऱ्या योजनेवर तुम्ही चिडलात, तर मी तुमच्याच बाजूला असेन.

प्रश्न : मी नोकरी सोडून मूल सांभाळते. पाळणाघराला पैसे मिळणार असतील, तर तेवढीच रक्कम मला का नको?

उत्तर : तुमचा मुद्दा रास्त आहे, तुम्हीही कामच करताय. नॉर्वेनं 1998 मध्ये हेच केलं : सरकारी मदतीच्या पाळणाघरात मूल न घालणाऱ्यांना महिन्याला रोख रक्कम. परिणामी काही आयांनी काम कमी केलं. बापांच्या कामावर फारसा परिणाम झाला नाही, याचं मला मुळीच नवल वाटलं नाही. म्हणून मी रोख रकमेच्या बाजूनं नाही. पहिल्या वर्षासाठी भरपगारी रजा द्यावी आणि तिचा काही भाग फक्त वडिलांच्या नावावर असावा. त्यांनी घेतला नाही तर तो वाया जाऊ द्यावा. स्वीडननं 1995 मध्ये एक महिना असाच राखून ठेवला, आणि रजा घेणारे वडील वाढले.