‘पाकु पाकु’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न असा आहे : ‘पॅक-मॅन’ या जुन्या आर्केड (खेळघरातल्या यंत्रावरच्या) खेळाच्या नावातला ‘पॅक’ म्हणजे इंग्रजीतला सामान बांधण्याचा ‘पॅक’ का, आणि ज्या जपानी ‘पाकु पाकु’ या शब्दावरून ते नाव आले त्याला मराठीत ‘बकाबका’ म्हणावे की ‘गपागपा’?

पहिल्या भागाचे उत्तर सोपे आहे. बांधाबांधीशी या ‘पॅक’चा काहीही संबंध नाही. नामको कंपनीने २२ मे १९८० रोजी टोकियोतल्या शिबुया भागात हा खेळ चाचणीसाठी मांडला, तेव्हा त्याचे रोमन लिपीतले नाव ‘पक-मॅन’ असे होते. त्याच वर्षी मिडवे कंपनीमार्फत तो अमेरिकेत जायचा ठरला, तेव्हा एखादा टवाळ पोरगा यंत्रावरच्या ‘पी’ची गोलाई खरवडून त्याचा ‘एफ’ करील आणि नावाची शिवी होईल, या धास्तीने स्पेलिंग बदलण्यात आले. गंमत अशी की, जपानी लिपीत ते आधीही ‘पाक्कुमान’ होते आणि आजही तेच आहे; बदल झाला तो फक्त रोमन अक्षरांत.

दुसऱ्या भागासाठी खेळाच्या जन्माकडे वळावे लागते, कारण तो एका क्रियापदातून झाला आहे. १९७८च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’नंतर जपानमधली खेळघरे गोळीबाराच्या खेळांनी आणि तरुण मुलांनी भरून गेली होती. तेथे मुलींनी आणि जोडप्यांनीही यावे, अशी तोरू इवातानी या रचनाकाराची इच्छा होती, आणि त्यासाठी त्यांनी ‘ताबेरु’, म्हणजे ‘खाणे’, हा शब्द विचाराच्या मुळाशी ठेवला. एक तुकडा उचललेल्या पिझ्झ्यावरून खेळातल्या गोळ्याचा आकार सुचला, ही गोष्ट सर्वांना ठाऊक असते. पण ‘तोंड’ या अर्थाचे चौकोनी जपानी चिन्ह गोलसर करत नेल्यानेही तो आकार घडला, असे इवातानींनीच सांगितले आहे, आणि भाषेच्या अभ्यासकाला पिझ्झ्यापेक्षा ते जास्त रुचावे. पडद्यावरच्या त्या पिवळ्या गोळ्याला हात, पाय, डोळे काही नाही. मिटलेले, अर्धे उघडलेले आणि पुरते वासलेले तोंड, एवढीच चित्रे आलटून पालटून दिसत राहतात आणि चक्रव्यूहातले २४० ठिपके एकेक करून नाहीसे होतात.

‘पाकु पाकु’ या शब्दात नेमकी हीच हालचाल आहे. आपल्या व्याकरणाच्या परिभाषेत तो अनुकरणवाचक अभ्यस्त शब्द, म्हणजे नक्कल करणारा आणि दोनदा उच्चारलेला शब्द, म्हणता येईल, मात्र त्यात आवाजापेक्षा तोंडाच्या उघडझापीचे अनुकरण आहे. ‘बकाबका’ येथे बसत नाही, कारण त्यात मोठे घास आणि हावरेपणा आहे, म्हणजे खाणाऱ्यावर केलेली टीका आहे. ‘पाकु पाकु’ कोणाला नावे ठेवत नाही. (इंग्रजी खेळाडू या खेळाचा आवाज ‘वाका वाका’ असा सांगतात, त्यामुळे मराठी कानाला ‘बकाबका’चा मोह होतो हे मान्य.) ‘मचमच’ हा चावण्याचा आवाज आहे, आणि हा गोळा काहीच चावत नाही.

म्हणून माझे मत ‘गपागपा’ला आहे. ‘प’ उच्चारताना ओठ मिटतात, त्यामुळे शब्द म्हणतानाच तोंड ती क्रिया करते. शिवाय जपानीत एकाच घासासाठी ‘पाकुत्तो’ असे जोडाक्षर येते, तसे मराठीत ‘गप्पकन’ येते. झटका दाखवण्यासाठी व्यंजन दुप्पट करण्याची खोड दोन्ही भाषांना आहे. मात्र दोन्ही शब्दांची व्याप्ती सारखी नाही. काचेच्या पेटीतला मासा पाण्यापाशी येऊन नुसतेच तोंड उघडतो-मिटतो, त्यालाही जपानी माणूस ‘पाकु पाकु’ म्हणतो. आपला ‘गपागपा’ काही गिळल्याशिवाय होत नाही. त्या माशासाठी आपल्याला ‘तोंडाची उघडझाप’ असेच म्हणावे लागेल.

सुरुवातीला जपानमध्ये या खेळाचे स्वागत बेताचेच झाले. अमेरिकेत मात्र त्याची एक लाखाहून अधिक यंत्रे खपली, आणि २०१२ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने त्याला आपल्या संग्रहात घेतले. या प्रवासात चक्रव्यूहात त्या गोळ्याच्या मागे लागणाऱ्या चार भुतांची नावेही पालटली, आणि तो तोटा मला ‘पक’चा ‘पॅक’ होण्यापेक्षा मोठा वाटतो. ‘ब्लिंकी, पिंकी, इंकी, क्लाइड’ ही नावे कानाला गोड आहेत, पण मूळ जपानी नावांत प्रत्येकाचा स्वभाव सांगितला होता. लाल भूत ‘ओइकाके’, म्हणजे पाठलाग करणारे. गुलाबी ‘माचिबुसे’, म्हणजे दबा धरणारे. ते खरोखरच त्या पिवळ्या गोळ्याच्या चार घरे पुढचा नेम धरते. निळे ‘किमागुरे’, म्हणजे लहरी. नारिंगी ‘ओतोबोके’ गोळ्याच्या जवळ येते आणि काहीच ठाऊक नसल्यासारखे स्वतःच्या कोपऱ्याकडे वळते. त्याच्यासाठी मराठीला नवा शब्द घडवावा लागत नाही. ते वेड पांघरून पेडगावला जाणारे भूत आहे.