नव्या लॅपटॉपवर विंडोज ७ : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : आमचे डीटीपीचे (संगणकावर पाने लावण्याचे) काम पेजमेकर ७ आणि श्रीलिपी या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरवर चालते. विंडोज ७ (३२ बिट) असलेल्या जुन्या संगणकाचा मदरबोर्ड गेला, म्हणून लॅपटॉप घेतला : इंटेल १२वी पिढी, ५१२ जीबी एनव्हीएमई (नव्या, वेगवान जोडणीची) एसएसडी, विंडोज ११. पेन ड्राइव्हवरून विंडोज ७ टाकायला गेलो तर 'स्टार्टिंग विंडोज' या चिन्हापाशीच सगळे थांबते. रात्रभर ठेवले तरी पुढे जात नाही. पेन ड्राइव्ह खराब आहे का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : पेन ड्राइव्ह ठीक आहे. बायोस म्हणजे संगणक सुरू करणारी जुनी व्यवस्था, यूईएफआय ही तिची नवी जागा घेणारी. विंडोज ७ यूईएफआय पद्धतीने सुरू झाली तरी पडद्यासाठी जुन्या बायोसमधल्या व्हीजीए सेवेला हाक मारते. ती सेवा पुरवणारा 'सीएसएम' हा भाग नव्या लॅपटॉपांमधून काढून टाकला आहे. हाकेला उत्तर मिळत नाही आणि काम चिन्हापाशी अडते. ३२ बिट विंडोज ७ तर यूईएफआयवर सुरूच होत नाही, तिला जुनी बायोस पद्धतच लागते.

यावर तोडगा म्हणून काही पॅच मिळतात. पण त्या पॅचने चिन्ह ओलांडले, तरी पुढे अडथळे आहेतच. विंडोज ७च्या मूळ डिस्कमध्ये एनव्हीएमईचा ड्रायव्हर नाही, त्यात तुमच्या लॅपटॉपवर इंटेलचे व्हीएमडी (एसएसडी हाताळणारी सोय) चालू असेल तर एसएसडी यादीत दिसणारच नाही. १२व्या पिढीच्या अंगभूत ग्राफिक्ससाठी इंटेलने विंडोज ७चा ड्रायव्हर दिलेला नाही, त्यामुळे पडदा कमी रेझोल्यूशनवर अडकतो. आजचे बरेच टचपॅड आय-टू-सी जोडणीवर चालतात, ती विंडोज ७ला ओळखता येत नाही. एवढे सगळे पार करून हाती येईल तो लॅपटॉप पाने लावण्याच्या कामाचा राहणार नाही. तुमच्या लॅपटॉपसाठी आमचे स्पष्ट मत : विंडोज ११ राहू द्या आणि तिच्या आत विंडोज ७ आभासी यंत्रात, म्हणजे सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या संगणकात, चालवा.

त्याआधी एक तपासणी करा. ३२ बिट प्रोग्राम ६४ बिट विंडोजवर बहुतेक वेळा चालतात. चालत नाहीत ते १६ बिट प्रोग्राम, काही जुन्या सॉफ्टवेअरचे १६ बिट इन्स्टॉलर आणि हार्डवेअर लॉकचे (सॉफ्टवेअर चालण्यासाठी पोर्टला लावावी लागणारी किल्ली) ३२ बिट ड्रायव्हर. तुमचे घोडे बहुधा या लॉकवरच अडेल. आभासी यंत्रात ३२ बिट विंडोज असेल तर तो ड्रायव्हर तिथे बिनतक्रार बसतो.

आता कृती. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग सीपीयू उघडा. तिथे 'व्हर्च्युअलायझेशन : एनेबल्ड' दिसायला हवे. नसेल तर बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगमध्ये) जाऊन ते चालू करा. आभासी यंत्र चालवणारा व्हर्च्युअलबॉक्स ७ हा प्रोग्राम उतरवून नवे यंत्र तयार करा. प्रकार विंडोज ७ (३२ बिट), मेमरी २०४८ एमबी, २ प्रोसेसर, ४० जीबीची 'डायनॅमिक' डिस्क, ग्राफिक्सला १२८ एमबी. 'एनेबल ईएफआय'ची खूण काढा. यूएसबी कंट्रोलर २.० निवडा, ३.० नको, कारण विंडोज ७ला ३.०चा ड्रायव्हर मुळात माहीत नाही. मग विंडोज ७च्या डिस्कची प्रत असलेली आयएसओ फाइल जोडून नेहमीसारखी विंडोज बसवा. लायसन्सकडेही लक्ष द्या : जुन्या संगणकासोबत आलेली ओईएम की त्या यंत्रापुरतीच असते, वेगळी विकत घेतलेली रिटेल प्रत इथे वापरता येते.

विंडोज बसल्यावर सर्व्हिस पॅक १ टाका, नसेल तर. त्यानंतर केबी४४९०६२८ आणि केबी४४७४४१९ हे दोन अपडेट याच क्रमाने टाका. २०१९पासून नव्या फायलींवर एसएचए-२ ही नव्या प्रकारची डिजिटल सही असते आणि हे अपडेट नसतील तर विंडोज ७ ती सही मानत नाही. मग ६४ बिट विंडोज ७वर ड्रायव्हर बसूनही 'कोड ५२' दाखवून बंद राहू शकतो. त्यानंतरच व्हर्च्युअलबॉक्सचे 'गेस्ट ॲडिशन्स' हे ड्रायव्हर बसवा, म्हणजे पडदा मोठा होईल आणि विंडोज ११मधला एखादा फोल्डर आत दिसू लागेल.

लॉक यूएसबीचा असेल तर यंत्राच्या यूएसबी सेटिंगमध्ये त्याचा फिल्टर जोडा. मग यंत्र चालू होताच लॉक विंडोज ११कडून सुटून आत जातो. लॉकचा ड्रायव्हर, श्रीलिपी, पेजमेकर आणि पीडीएफ प्रिंटर बसले, एक पान छापून पाहिले, की लगेच 'स्नॅपशॉट' घ्या आणि नेटवर्क अडॅप्टरची खूण काढून टाका. पुढे काही बिघडले तर दोन मिनिटांत इथवर परत येता येते. पूर्ण बंद केलेल्या यंत्राचा फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून ठेवला, की पुढचा लॅपटॉप बदलला तरी हीच विंडोज तिकडे नेता येईल.

यंत्र फारच संथ वाटले आणि खिडकीच्या तळाशी कासवाचे हिरवे चिन्ह दिसले, तर विंडोज ११मधले 'मेमरी इंटिग्रिटी' आड येत असण्याची शक्यता आहे. ते बंद केल्यास सुरक्षा थोडी कमी होते, म्हणून काम खरोखर अडत असेल तरच बंद करा.

एक कळकळीची विनंती. श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये (सगळ्या संगणकांवर सारख्या वाचता येणाऱ्या अक्षरसंकेतात) नाही. फॉन्ट नसलेल्या संगणकावर तो निरर्थक अक्षरांसारखा दिसतो. यंत्र चालू आहे तोवर प्रत्येक जुन्या कामाची फॉन्टसह पीडीएफ करा आणि मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणून ठेवा. वर्षानुवर्षांचे दिवाळी अंक, स्मरणिका, गावांचे इतिहास अशा फायलींत पडून आहेत. एक लॉक मोडला म्हणून ते वाचता न येणे आपल्याला परवडणारे नाही.

प्रश्न : माझा लॉक जुन्या पॅरलल पोर्टचा आहे. यूएसबी ते पॅरलल केबल चालेल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. त्या केबली प्रिंटरपुरत्या असतात. लॉक पोर्टच्या पत्त्यावर थेट लिहितो-वाचतो, ते या केबलमधून होत नाही. सॉफ्टवेअर विक्रेत्याकडून यूएसबी लॉक बदलून मिळतो का ते विचारा. न मिळाल्यास पॅरलल पोर्ट असलेला जुना डेस्कटॉप सांभाळून ठेवावा लागेल.

प्रश्न : ६व्या पिढीचा वापरलेला लॅपटॉप घेतला आहे, साधी साटा एसएसडी आहे. त्यावर ६४ बिट विंडोज ७ टाकताना 'इन्स्टॉल नाऊ' दाबले की सीडी/डीव्हीडी ड्रायव्हर मागतो आणि माउसही चालत नाही. लॅपटॉपला डीव्हीडी ड्राइव्हच नाही!
– एक वाचक, लातूर

उत्तर : या लॅपटॉपवर काम होईल. संदेश मात्र दिशाभूल करणारा आहे, डीव्हीडीचा ड्रायव्हर शोधत बसू नका. सुरुवातीला पेन ड्राइव्ह बायोस वाचते. विंडोजचा गाभा चढला की तो स्वतःच्या ड्रायव्हरने वाचू पाहतो. ६व्या पिढीच्या चिपसेटमधून इंटेलने यूएसबी २चा स्वतंत्र कंट्रोलर काढला. सगळे पोर्ट यूएसबी ३च्या कंट्रोलरवर गेले आणि त्याचा ड्रायव्हर विंडोज ७मध्ये नाही. म्हणून ज्या पेन ड्राइव्हवरून सेटअप आला तोच त्याला दिसेनासा होतो.

विंडोज १० किंवा ११ असलेल्या संगणकावर आयएसओतल्या फायली एका फोल्डरात उतरवा. सोर्सेस फोल्डरमध्ये 'बूट.विम' (सेटअप) आणि 'इन्स्टॉल.विम' (बसणारी विंडोज) या फायली आहेत. ॲडमिनिस्ट्रेटर कमांड प्रॉम्प्टमध्ये 'डिस्म' ही आज्ञा वापरून बूट.विमचा इंडेक्स २ (त्यातला दुसरा भाग) माउंट करा, म्हणजे फोल्डरसारखा उघडा, विंडोज ७चा ६४ बिट इंटेल यूएसबी ३ ड्रायव्हर त्यात जोडा आणि 'कमिट'सह, म्हणजे बदल जतन करून, अनमाउंट करा. माउंट केलेला फोल्डर एक्सप्लोररमध्ये उघडा राहिला तर अनमाउंट अडते. मग तुमच्या आवृत्तीचा इंडेक्स निवडून इन्स्टॉल.विमसाठी हेच करा. हा दुसरा भाग अनेकजण गाळतात. मग विंडोज बसते, पण पहिल्या स्क्रीनवर ना माउस चालतो ना यूएसबी कीबोर्ड.

बदललेल्या फायलींचा पुन्हा आयएसओ करून ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर रुफस या प्रोग्रामने 'एमबीआर' आणि 'बायोस' निवडून टाका. लॅपटॉपच्या बायोसमध्ये सिक्युअर बूट बंद, सीएसएम किंवा लेगसी चालू, साटा मोड एएचसीआय ठेवा. चिपसेट, वाय-फाय, ग्राफिक्स आणि टचपॅडचे ड्रायव्हर आधीच दुसऱ्या पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवा, कारण नवी विंडोज बसल्यावर इंटरनेट नसेल. वर सांगितलेले दोन अपडेट इथेही आधी टाका.

प्रश्न : सिक्युअर बूट बंद केल्यापासून विंडोज ११ चालू होताना ४८ अंकी की मागते. सगळा डेटा गेला का?
– एक वाचक, पणजी

उत्तर : गेला नाही. बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट पुन्हा चालू करा, बहुतेक वेळा मागणी थांबते. नाही थांबली तर फोनवरून तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन त्या लॅपटॉपची बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) रिकव्हरी की शोधा. विंडोज सुरू झाली की सेटिंगमधले 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' बंद करा आणि डेटाची प्रत काढा. त्यानंतरच बायोसला हात लावा. की न मिळता डिस्क फॉरमॅट केली तर मात्र फायली परत येणार नाहीत.

प्रश्न : विंडोज ७वर नेट बँकिंग चालेल का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : करू नका. विंडोज ७चे सर्वसाधारण सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० रोजी थांबले आणि क्रोमची १०९ ही तिच्यावर चालणारी शेवटची आवृत्ती आहे. बँकेचे काम विंडोज ११ किंवा फोनवर करा. विंडोज ७ला इंटरनेट जोडूच नका, आणि पेन ड्राइव्ह तिच्यात लावण्याआधी विंडोज ११वर तपासून घ्या.