वाचक विचारतात : घाम फुटला, पण कशाने?

प्रश्न : मानसशास्त्राच्या प्रकल्पासाठी बोटांना लावायचा जीएसआर सेन्सर (घामाने बदलणारी त्वचेची विद्युत वाहकता मोजणारा) आणला. भीतीदायक आणि विनोदी, दोन्ही चित्रफितींना आलेख सारखाच उसळतो. शिवाय काहीही न दाखवता तो हळूहळू वर सरकत राहतो. सेन्सर बिघडलाय का?

उत्तर : सेन्सर बहुधा ठीक आहे, त्याच्याकडून मागणी मात्र भलतीच होते आहे. तळहातावरच्या घर्मग्रंथींना हुकूम मिळतो तो अनुकंपी मज्जासंस्थेकडून. ही यंत्रणा शरीर किती चाळवलं एवढंच सांगते, कशाने चाळवलं ते नाही. भीती, हसू, अवघड गणित, दार आपटल्याचा आवाज, सगळ्यांना तीच उसळी. सुखद की दुःखद हे हवं असेल तर दुसरं मोजमाप जोडावं लागतं. कपाळाला आठी घालणारा भुवईवरचा स्नायू आणि ओठांचे कोपरे वर ओढणारा गालाचा स्नायू यांची विद्युत हालचाल त्यासाठी नोंदतात. डोळ्यांना न दिसणारी आठीसुद्धा त्यात सापडते. हे साधन नसेल तर प्रत्येक फितीनंतर ‘किती सुखद’ आणि ‘किती उत्तेजित’ अशा दोन १ ते ९ च्या पट्ट्या कागदावर भरून घ्या. स्वस्त आहे म्हणून या कागदाला कमी लेखू नका.

आता सरकणारा आलेख. इलेक्ट्रोडखालची त्वचा ओलावत जाते तशी वाहकता वाढते. म्हणून इलेक्ट्रोड लावल्यावर ५ ते १० मिनिटं थांबा, मगच प्रयोग सुरू करा. हात आधी साध्या पाण्याने धुऊन घ्या. साबण नको, त्याने त्वचा कोरडी पडते. कमी हाताळला जाणारा हात निवडा आणि तर्जनी व मध्यमेच्या पेरांवर चांदी-सिल्व्हर क्लोराईडचे इलेक्ट्रोड लावा. जेल ०.५ टक्के मिठाची, घामाच्या खारटपणाशी जुळणारी हवी. ईसीजीची जेल वापरू नका. तिच्यात क्षार फार असल्याने वाहकता खोटी वाढते. जेलशिवाय नुसत्या धातूच्या टोप्या असतील तर बोट जरा दाबलं तरी ‘भावना’ दिसते. हात टेबलावर, तळवा वर करून स्थिर ठेवायला सांगा.

एक चूक मात्र हमखास होते. स्वस्त मोड्यूल बहुधा रोधाशी जोडलेला कच्चा आकडा देतं आणि विद्यार्थी त्याचीच सरासरी काढतात. आधी त्याचं वाहकतेत (रोधाच्या व्यस्तात), म्हणजे मायक्रोसीमेन्समध्ये, रूपांतर करा. रोध १०० किलोओहमवरून ९० झाला तर वाहकता १० वरून ११.१ होते, म्हणजे वाढ १.१. तोच ५०० वरून ४९० झाला तर वाढ जेमतेम ०.०४. दोन्हीकडे घट १० किलोओहमचीच, पण अर्थ वेगळा.

उसळी प्रसंगानंतर १ ते ३ सेकंदांनी सुरू होते आणि उतरायला आणखी काही सेकंद घेते. म्हणून दोन प्रसंगांत किमान १० सेकंदांचं अंतर ठेवा, नाहीतर एकीच्या शेपटावर दुसरी चढते. ०.०५ मायक्रोसीमेन्सपेक्षा लहान उसळ्या मोजू नका. सुरुवातीला खोल श्वास घ्यायला सांगून उसळी येते का ते तपासा. याच कारणाने प्रयोगात कोणी खोकलं किंवा दीर्घ श्वास घेतला तर ती वेळ टिपून ठेवा. काही निरोगी माणसांत उसळी जवळजवळ येतच नाही, त्यांना ‘भावनाशून्य’ ठरवून मोकळं होऊ नका. फितींचा क्रमही दर माणसामागे बदला, कारण नंतरच्या फितींना प्रतिसाद आपोआप मंदावतो.

प्रश्न : आवडत्या वस्तूकडे पाहताना डोळ्याची बाहुली मोठी होते असं वाचलं. आमच्या नोंदीत ती सगळ्यात मोठी झाली रात्रीच्या देखाव्यांना. लोकांना रात्र आवडते असं म्हणायचं का?

उत्तर : लोकांना अंधार दिसला, एवढंच म्हणायचं. उजेडानुसार बाहुलीचा व्यास साधारण २ ते ८ मिलिमीटर बदलतो. मनाच्या ताणाने होणारा बदल बहुतेक वेळा अर्ध्या मिलिमीटरच्या आत असतो, त्यामुळे चित्रांच्या उजेडातला किरकोळ फरकही तो गिळून टाकतो. सगळ्या चित्रांचा सरासरी उजेड सारखा करा. प्रत्येक चित्राआधी तितक्याच उजेडाचा राखाडी पडदा दोन-तीन सेकंद दाखवा आणि त्याच्या शेवटच्या अर्ध्या सेकंदाची सरासरी वजा करा. त्याच चित्राचे तुकडे विस्कटून केलेली प्रतही दाखवलीत तर तुलना पक्की होते. खोलीतला दिवा बदलू नका. नजर पडद्याच्या कडेला गेली की कॅमेऱ्याला बाहुली तिरपी, म्हणून लहान दिसते. तेव्हा महत्त्वाचा मजकूर मध्यभागी ठेवा.

प्रश्न : पडदा एका संगणकावर, मेंदूलहरींची (ईईजी) नोंद दुसऱ्यावर. दोन्ही घड्याळं सुरुवातीला जुळवली, तरी तासाभराने प्रतिसाद पसरट दिसतात.

उत्तर : घड्याळं जुळवली तरी ती जुळलेली राहत नाहीत. संगणकांची घड्याळं चालवणाऱ्या दोन स्फटिकांत दहा लाखांत ५० भागांचा फरक असला तरी तासाला १८० मिलिसेकंद निघून जातात. घामाच्या आलेखाला याचं काही वाटत नाही, पण प्रसंगानंतर ३०० मिलिसेकंदांच्या आसपास येणारी मेंदूलहर त्यात विरघळते. पडद्याच्या एका कोपऱ्यात प्रसंगाबरोबर पांढरा चौकोन चमकवा, त्यावर प्रकाशसंवेदक चिकटवा आणि त्याची तार थेट ईईजी यंत्राच्या मोकळ्या वाहिनीत द्या. प्रोग्रामने ‘दाखवलं’ म्हटलं तरी ६० हर्ट्झचा पडदा दर १६.७ मिलिसेकंदांनीच नवं चित्र रंगवतो आणि तेही वरून खाली. ब्लूटूथवरून पाठवलेल्या खुणांवर अशा कामात विसंबू नका, त्यांचा उशीर दर वेळी वेगळा असतो.

प्रश्न : मनगटी घड्याळावरून ताण मोजता येईल का?

उत्तर : स्वस्थ बसलेल्या माणसाची पाच मिनिटांची नोंद असेल तर ठोक्यांमधल्या अंतराचा चढउतार बऱ्यापैकी मिळतो. मनगट हललं की मिळत नाही. एक ठोका निसटला तरी दोन अंतरांचं एक होतं आणि आकडा फुगतो, म्हणून ठोके नजरेखालून घाला. श्वासाच्या गतीनेही हा आकडा बदलतो, तेव्हा बोलत असलेल्या माणसाची तुलना गप्प बसलेल्याशी करू नका.

प्रश्न : आमच्या शाळेला मुलांची एकाग्रता दाखवणारा कपाळपट्टा विकत घ्यायचा आहे. घ्यावा का?

उत्तर : आमचं मत : नको. मेंदूच्या लहरी कपाळावर दहा-वीस मायक्रोव्होल्टच्या असतात. पापणीची उघडझाप सहज १०० च्या पुढे जाते आणि कपाळाच्या व जबड्याच्या स्नायूंचा विद्युतगोंगाट नेमका त्या जलद लहरींच्या पट्ट्यात मिसळतो, ज्यांना पुष्कळ पट्टे ‘एकाग्रता’ म्हणतात. विक्रेत्यासमोर पट्टा स्वतः बांधा, फळ्याकडे न बघता दात आवळा आणि कपाळाला आठ्या घाला. आकडा चढला, तर मोजलं काय जातंय ते कळेल. शिवाय खिडकीबाहेर पाहणारं मूल गणितच सोडवत असेल, हे कुठल्याही पट्ट्याला ठाऊक नसतं. युरोपीय संघाने तर वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं वगळता शाळांत आणि कामाच्या जागी शरीराच्या खुणांवरून भावना ओळखणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेवर २ फेब्रुवारी २०२५ पासून बंदी घातली आहे. प्रयोग म्हणून करायचाच असेल, तर पालकांची लेखी संमती, मुलाचा स्वतःचा होकार आणि मध्येच पट्टा काढून ठेवायची मुभा, तिन्ही हवीत. शिक्षकांच्या हाती एकेका मुलाचा आकडा देऊ नका.