'युनिक' लिहिण्याआधी

प्रिय मित्रा,

तुझ्या इंग्रजी मसुद्यात 'व्हेरी युनिक' वाचलं, म्हणून या एकाच विशेषणाबद्दल जरा सविस्तर लिहितो.

शब्दाचं मूळ लॅटिन 'ऊनिकस'. त्यामागचा 'ऊनुस' म्हणजे एक. फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत आला. अर्थ असा की आपल्या प्रकारातली ही एकच गोष्ट, दुसरी नाही. एकमेवपणाला कमी-जास्त नसतं, म्हणून 'व्हेरी युनिक', 'मोअर युनिक' चोखंदळ संपादकाला खटकतात. एकोणिसाव्या शतकापासून तो 'असाधारण' अशा सैल अर्थानेही रुळला आहे, शब्दकोश तशी नोंदही घेतात. तेव्हा बोलताना कुणी वापरला तर टोकू नकोस. पण अर्जात, अहवालात, प्रबंधात तू स्वतः टाळ. 'ऑलमोस्ट युनिक' मात्र बिनचूक आहे, कारण तिथे एकमेव व्हायला थोडंसंच कमी पडलं एवढंच सांगायचं असतं.

माझ्या मते 'व्हेरी'पेक्षा मोठी चूक म्हणजे 'युनिक' लिहून तिथेच थांबणं. 'अवर मेथड इज युनिक' वाचून वाचकाच्या हाती काय लागलं? कोणांमध्ये एकमेव, कशाच्या बाबतीत, हे सांगायलाच हवं. हे वाक्य बघ: 'टायटन इज युनिक अमंग द मून्स ऑफ द सोलर सिस्टिम इन हॅविंग अ डेन्स ॲटमॉस्फिअर.' 'अमंग'ने गट ठरला, 'इन'ने मुद्दा ठरला, आणि आता दावा पडताळता येतो. एखादी गोष्ट एकाच ठिकाणी सापडत असेल तर 'टू' घे: 'द टुआटारा इज युनिक टू न्यूझीलंड.' (टुआटारा हा सरड्यासारखा दिसणारा एक सरपटणारा प्राणी.)

शंका आली की 'युनिक'च्या जागी 'द ओन्ली वन ऑफ इट्स काइंड' ठेवून वाक्य वाच. ते खोटं ठरलं तर शब्द बदल. मोजकेच असतील तर 'रेअर', नेहमीपेक्षा वेगळं असेल तर 'अनयूज्वल', पाहताच ओळखू येत असेल तर 'डिस्टिंक्टिव्ह'. या तिन्हींना 'व्हेरी' खुशाल लाव.

उपपद 'अ', 'ॲन' नव्हे. अक्षर स्वराचं असलं तरी उच्चार 'य'ने सुरू होतो, 'अ युनिव्हर्सिटी'सारखंच. बोलताना जोर शब्दाच्या दुसऱ्या भागावर, 'नीक'वर.

गणितात हा शब्द फार काटेकोर आहे. क्ष + ३ = ५ ला 'युनिक सोल्यूशन' आहे, म्हणजे २ ही एकच उकल. क्ष × क्ष = ४ ला २ आणि -२ अशा दोन उकली, म्हणून तिथे 'युनिक' चुकीचं; 'धन उकल युनिक आहे' म्हटलं तर बरोबर. शिवाय उकल आहे हे सिद्ध करणं आणि ती एकच आहे हे सिद्ध करणं, ही दोन वेगळी कामं असतात. डेटाबेसच्या 'युनिक' रकान्यातही स्तुती नसते, तीच किंमत दुसऱ्यांदा भरता येणार नाही एवढाच नियम असतो.

म्हणूनच मराठीत उतरवताना सरसकट 'अद्वितीय' लिहू नकोस, त्यात गौरव आहे. समीकरणाला 'एकमेव उकल', टुआटाराला 'फक्त न्यूझीलंडमध्ये आढळणारा', आणि जाहिरातीतला 'युनिक' बहुतेक वेळा नुसता 'वेगळा'.

मसुदा दुरुस्त करून पाठव.

तुझा,
एक मार्गदर्शक