वाचक विचारतात : हातातला कॅमेरा आणि हलणारे चित्र

प्रश्न : माझ्याकडे वीस पट झूमचा साधा हँडीकॅम आहे. आषाढी वारीत माउलींच्या पालखीबरोबर चालताना आणि पुरंदावडे येथील गोल रिंगणाच्या वेळी मी बरेच चित्रीकरण केले. घरी टीव्हीवर पाहिले, तेव्हा दूरचे अश्व फ्रेममध्ये नाचताना दिसले आणि चालत घेतलेली दृश्ये पाहून घरच्यांना गरगरू लागले. कॅमेऱ्यातला स्टॅबिलायझर चालू होता. मग चुकले कोठे?
— एक वाचक, फलटण

उत्तर : स्टॅबिलायझर चालू असूनही चित्र हलले, कारण त्याच्या कुवतीबाहेरचे काम त्याच्यावर पडले. कॅमेऱ्यातले सूक्ष्म जायरो संवेदक कॅमेरा कोणत्या बाजूला किती वेगाने कलतो आहे हे मोजतात आणि त्या हिशेबाने भिंगसंचातले एक भिंग किंचित सरकवून चित्र जागेवर ठेवले जाते. मनगटाच्या बारीक थरथरीवर हा उपाय उत्तम चालतो. परंतु आपण चालतो तेव्हा पावलागणिक सबंध कॅमेराच वर-खाली होतो. तो कलत नाही, जागा बदलतो, आणि त्यावर या भिंगाचा फारसा इलाज चालत नाही. सोनीने २०१२ पासून काही हँडीकॅममध्ये भिंगसंच आणि चित्र टिपणारा संवेदक मिळून सगळा भागच तरंगता ठेवण्याची योजना आणली. तिने चालतानाचे हेलकावे बरेच कमी होतात, पण नाहीसे होत नाहीत.

दूरचे अश्व नाचले ते झूममुळे. झूम पूर्ण मागे असताना कॅमेरा आडवा सुमारे ६० अंशांचा परिसर पाहतो असे धरा, तर वीस पट झूमवर तो जेमतेम ३ अंशांचा पाहतो. हात पाव अंश हलला, तर १९२० पिक्सेल रुंदीच्या चित्रात पहिल्या वेळी दृश्य ८ पिक्सेल सरकेल आणि दुसऱ्या वेळी १६० पिक्सेल. पहिले कोणाच्या लक्षातही येणार नाही. दुसऱ्यात घोडेस्वाराचे डोके फ्रेमबाहेर जाऊ शकते. म्हणून हातात कॅमेरा असताना पहिला नियम असा की, झूम मागे घ्यावा आणि स्वतः पुढे जावे. रिंगणात गर्दीमुळे पुढे सरकता येत नसेल, तर मध्यम झूमवर थांबावे आणि टेकू शोधावा. दिंडीच्या ट्रकचा फाळका, विजेचा खांब, झाडाचे खोड, काहीही चालेल. फक्त इंजिन सुरू असलेल्या वाहनाला टेकू नये.

कॅमेरा धरण्याची रीतही तपासावी. उजव्या हातावरचा पट्टा बहुतेक जण सैल ठेवतात. तो घट्ट आवळावा. डावा तळवा कॅमेऱ्याच्या खाली द्यावा, कोपरे बरगड्यांना टेकवावीत आणि पाय खांद्यांइतके फाकवून गुडघे किंचित सैल सोडावेत. डोळ्याला लावायचा व्ह्यूफाइंडर असेल तर तोच वापरावा, कारण दोन हातांच्या जोडीला कपाळाचा तिसरा आधार मिळतो. नसेल तर कॅमेऱ्याला गळपट्टा लावून, कॅमेरा पुढे ढकलून तो ताणलेला ठेवावा. सुतळीचा जुना उपाय आजही कामाचा आहे. कॅमेऱ्याच्या तळाशी ट्रायपॉडसाठी पाव इंची आट्यांचे भोक असते; त्यात बसेल असा आखूड बोल्ट घेऊन त्याला सुतळी बांधावी, तिचे दुसरे टोक पायाखाली दाबावे आणि कॅमेरा हलकेच वर ताणून धरावा. वर-खाली होणारी थरथर लगेच कमी झालेली दिसते. खर्च म्हणाल तर एका चहाचा.

एके काळी लग्नातला शूटिंगवाला व्हीएचएसचा अवजड कॅमेरा खांद्यावर घेऊन दिवसभर उभा असे आणि त्याचे चित्र आजच्या तळहाताएवढ्या कॅमेऱ्यापेक्षा स्थिर येई, याचे श्रेय त्याच्या कौशल्याइतकेच त्या वजनालाही द्यावे लागेल. जड वस्तू बारीक धक्क्याने हलत नाही. हलक्या कॅमेऱ्याला ही देणगी नाही, म्हणून त्याला शरीराशी जखडून ठेवावे लागते.

चालत घ्यायचा शॉट झूम पूर्ण मागे घेऊनच घ्यावा. डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन चालणाऱ्या वारकरी स्त्रियांची चाल पाहावी: गुडघे थोडे दुमडलेले, पाऊल लहान, टाच आधी टेकून मग चवडा, आणि कमरेवरचा भाग जवळजवळ निश्चल. कॅमेरा हाती घेऊन तसेच चालावे. मात्र आमचे स्पष्ट मत असे की, चालत घेतलेल्या शॉटपैकी बहुतेकांची गरजच नसते. पालखी आपणहून पुढे सरकते आहे; आपण रस्त्याच्या कडेला स्थिर उभे राहिलो, तर सगळी दिंडी फ्रेममधून जाते आणि गतीही अधिक चांगली दिसते.

धावत्या अश्वामागे कॅमेरा आडवा फिरवताना, म्हणजे पॅन करताना, पाय त्या दिशेला रोवावेत जेथे पॅन संपणार आहे, आणि कंबर वळवून सुरुवातीच्या जागी यावे. म्हणजे कॅमेरा फिरत जाईल तसतसे शरीर मोकळे होत जाते आणि शेवट डगमगत नाही. स्टॅबिलायझर पॅनच्या आरंभाला धक्का समजून त्याला विरोध करतो आणि थांबताना चित्र थोडे पुढे घसरते, म्हणून सुरुवात व शेवट मंद गतीने करावेत आणि दोन्ही टोकांना काही सेकंद कॅमेरा स्थिर धरावा. नुसता माळ किंवा गर्दी दाखवायची असेल, तर स्थिर वस्तूला फ्रेमच्या एका कडेपासून दुसरीपर्यंत जायला सात सेकंद तरी लागावेत, असा छायालेखकांचा जुना दंडक आहे. अश्वाला तो लागू नाही, कारण तेथे पाहणाऱ्याची नजर अश्वावर असते.

प्रश्न : भाचीच्या लग्नाचे चित्रीकरण मीच करणार आहे. त्यासाठी गिंबल विकत घ्यावा का?
— एक वाचिका, बेळगाव

उत्तर : एका लग्नासाठी घेऊ नये. गिंबल म्हणजे कॅमेरा बसवायची मोटारींची मूठ. तिच्या तीन मोटारी कॅमेऱ्याचे तिन्ही अक्षांवरचे कलणे सावरतात, पण पावलांचा वर-खाली हेलकावा तुम्हालाच गुडघ्यांनी शोषून घ्यावा लागतो, आणि ती चाल सरावाशिवाय जमत नाही. त्यातून हँडीकॅमचा पडदा उघडला की वजन एका बाजूला जाते. तोल पडदा उघडूनच साधावा लागतो, हे अनेकांना ऐन मुहूर्तावर कळते. मंगलाष्टके, सप्तपदी आणि पंगत यांसाठी एक पायाचा मोनोपॉड पुरेसा आहे. तो गर्दीत जागा अडवत नाही, आणि मंगलाष्टके लांबली तरी हात भरून येत नाहीत. गिंबलची हौसच असेल तर भाड्याने आणून आठवडाभर आधी घरात चालून पाहावे.

प्रश्न : ट्रायपॉडवर ठेवूनही माझे चित्र मधूनच आपोआप सरकते. ट्रायपॉड सदोष आहे का?
— एक वाचक, पणजी

उत्तर : बहुधा नाही. ट्रायपॉडवर असताना स्टॅबिलायझर बंद करावा. हलणारे काहीच नसताना तो स्वतःच्याच संवेदकांच्या क्षुल्लक चुका दुरुस्त करू पाहतो आणि चित्र हळूहळू वाहत जाते. हातात घेताना तो पुन्हा चालू करायला मात्र विसरू नये.

प्रश्न : हललेले चित्र संगणकावर स्थिर करता येते असे ऐकले. मी करून पाहिले, तर दृश्य स्थिर झाले पण मधूनमधून पुसट होते आणि खांब जेलीसारखे डुलतात. असे का होते?
— एक वाचक, अकोला

उत्तर : हे दोन वेगळे दोष आहेत. डाविंची रिझॉल्व्ह या चित्रसंपादनाच्या प्रणालीच्या विनामूल्य आवृत्तीतही चित्र स्थिर करण्याची सोय आहे. ती प्रत्येक फ्रेम उलट दिशेला सरकवते आणि उघड्या पडलेल्या कडा कापते. परंतु शटर उघडे असताना कॅमेरा हलला असेल, तर तो फराटा त्या फ्रेममध्ये कायमचा उमटलेला असतो. आधी तो हालचालीत लपत होता. आता चित्र स्थिर झाल्यावर उघडा पडतो. कमी प्रकाशात कॅमेरा स्वयंचलित व्यवस्थेत शटर १/२५ सेकंदापर्यंत मंद करतो, तेव्हा हे हमखास घडते. नंतर स्थिर करायचेच आहे असे ठरलेले असेल, तर उन्हात शटर १/२०० किंवा त्याहून जलद ठेवावे. मांडवातल्या दिव्यांखाली १/५० किंवा १/१०० हेच वेग निवडावेत, कारण आपली वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात आणि भलत्या वेगावर चित्र लुकलुकते.

खांब डुलतात ते चित्र टिपणाऱ्या संवेदकामुळे. तो चित्र एकदम न टिपता वरून खाली ओळीओळीने टिपतो, आणि तेवढ्यात कॅमेरा हलला की सरळ रेषा तिरकी होते. यावर संगणकाचा उपाय अर्धामुर्धाच पडतो. शक्य असल्यास ३८४० × २१६० मध्ये चित्रीकरण करून अंतिम चित्र १९२० × १०८० मध्ये काढावे. कडा कापूनही स्पष्टता उरते. स्थिरीकरणाची तीव्रता पूर्ण न लावता निम्म्याच्या आसपास ठेवून पाहावी, आणि तरीही खांब डुलत असतील, तर तेवढा तुकडा न सुधारता मूळचाच वापरावा.